वाळवंटातील गुप्त हवाई तळाचा इतिहास कसा लिहावा : ग्रूम लेकच्या उदाहरणाने एक मार्गदर्शन

दुर्गम वाळवंटातल्या लष्करी हवाई तळाचा इतिहास लिहायला घेणाऱ्याची पहिली अडचण अशी असते की, तळाचे स्वतःचे दप्तर त्याला कोणी उघडून दाखवत नाही. ते कुलूपबंद आहे हे एकदा मान्य केले की कामाची खरी दिशा सापडते. असा तळ कितीही आडरानात असला, तरी त्याला जमीन लागते, रस्ता लागतो, इंधन लागते, माणसे लागतात; आणि यांतल्या प्रत्येक गोष्टीची नोंद दुसऱ्या कुणाच्या तरी दप्तरात होते. भूमापन खाते, अणुऊर्जा आयोग, हवामान संशोधन संस्था, शेजारची खाण, न्यायालय, अपघाताची बातमी देणारे वर्तमानपत्र हे सगळे तळाचे शेजारी आहेत आणि इतिहास या शेजाऱ्यांच्या कागदांतून जुळवायचा असतो. ही पद्धत अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या ग्रूम लेक या तळाच्या आधारे येथे मांडली आहे. जगाला तो ‘एरिया ५१’ या नावाने ठाऊक आहे, आणि त्याच्याविषयी जितके खोटे लिहिले गेले आहे, त्याहून मोलाचे कितीतरी खरे कागद आज घरबसल्या वाचता येतात.

आधी जमीन, मग विमाने

बहुतेक लेखक १९५५ पासून, म्हणजे यू-२ हे अतिउंचावरून उडणारे हेरविमान तेथे आले त्या वर्षापासून, सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. ग्रूम लेक हे लास व्हेगासच्या उत्तर-वायव्येस सुमारे १३० किलोमीटरवर असलेले कोरडे, खारे सरोवर आहे. पावसाचे उथळ पाणी त्यात साचते, गाळ तळाशी बसतो, उन्हाळ्यात पाणी उडून जाते आणि मागे टणक, सपाट, पांढुरका पृष्ठभाग उरतो. कच्छचे रण ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही जमीन डोळ्यांपुढे आणणे अवघड जाऊ नये. विमान उतरवायला अशी नैसर्गिक धावपट्टी आयती मिळते, म्हणूनच अमेरिकेतले अनेक चाचणी-तळ कोरड्या सरोवरांच्या काठी उभे राहिले. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर भूगोल यावा : समुद्रसपाटीपासूनची उंची (येथे सुमारे १,३६० मीटर), भोवतालचे डोंगर, जवळचे गाव, पाण्याची सोय.

त्यानंतर जमिनीची मालकी शोधावी. हा सगळा मुलूख मुळात शोशोनी आणि पाय्यूट या आदिवासी जमातींचा आहे. १८६० च्या दशकात येथे शिसे आणि चांदी सापडली, खाणी सुरू झाल्या आणि ‘ग्रूम’ हे नावही खाणीच्या काळातले आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, लष्कराने येथे हवाई गोळीबाराच्या सरावासाठी सुमारे ५,००० फूट लांबीच्या दोन कच्च्या धावपट्ट्या आखल्या आणि युद्ध संपताच त्या तशाच सोडून दिल्या. सरोवरापलीकडच्या डोंगरातली एका कुटुंबाची खाण मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडेच राहिली आणि हवाई दलाने ती थेट २०१५ मध्ये भूसंपादनाच्या मार्गाने ताब्यात घेतली. म्हणजे सुमारे ६० वर्षे जगातल्या सर्वांत गुप्त तळासमोर एक खासगी खाण होती. खाणीची कागदपत्रे, कुटुंबाच्या आठवणी आणि त्यांचे सरकारशी झालेले वाद यांना मी तळाच्या इतिहासातला पहिल्या दर्जाचा पुरावा मानतो.

जमिनीच्या कागदांत आणखी एक दस्तऐवज हमखास पाहावा. २० जून १९५८ च्या सार्वजनिक भूमी आदेश क्रमांक १६६२ अन्वये ग्रूम लेकभोवतीची ३८,४०० एकर जमीन सार्वजनिक वापरातून काढून अणुऊर्जा आयोगाच्या स्वाधीन करण्यात आली. नकाशावर ती ६ मैल रुंद आणि १० मैल लांब अशा काटेकोर आयताच्या रूपात दिसते. आदेशात गुप्तहेर विमानाचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते. परंतु शेजारच्या, त्याच आयोगाच्या अणुचाचणी क्षेत्राच्या ईशान्य कोपऱ्याला चिकटलेला हा आयत कशासाठी जोडला, हा प्रश्न तो कागद स्वतःच विचारतो. सरकारला जमीन गुपचूप वापरता येते. गुपचूप काढून घेणे फार कठीण असते, कारण त्यासाठी राजपत्रात काहीतरी छापावेच लागते.

दोन तारखांची वही

या कामासाठी मी सुचवीन ती सर्वांत उपयोगी सवय म्हणजे प्रत्येक नोंदीपुढे दोन तारखा लिहिणे : घटना घडली ती तारीख आणि ती अधिकृतपणे उघड झाली ती तारीख. एफ-११७ हे रडारला चकवणारे विमान ग्रूम लेकवरून पहिल्यांदा उडाले १८ जून १९८१ रोजी, आणि सरकारने ते असल्याचे जाहीर केले १० नोव्हेंबर १९८८ रोजी. ‘टॅसिट ब्लू’ हे प्रायोगिक विमान १९८२ ते १९८५ या काळात तेथे उडत होते, ते लोकांपुढे आले १९९६ मध्ये. यू-२ विमान ऑगस्ट १९५५ मध्ये आकाशात गेले. पण ज्या जागेवरून गेले त्या जागेचे ‘एरिया ५१’ हे नाव आणि नकाशा सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेने स्वतःच्या इतिहासात उघड होऊ दिला तो ऑगस्ट २०१३ मध्ये.

दुसऱ्या तारखेचा फायदा पडताळणीच्या वेळी कळतो. १९८३ मधला एखादा लेख एफ-११७ च्या बांधणीचा तपशील छातीठोकपणे सांगत असेल, तर लेखकाला तो कुठून मिळाला, हे विचारावेच लागते. उलट, घटनेच्या वेळी लिहिलेले आणि पुढे खरे ठरलेले एखादे साधे वाक्य फार मोलाचे असते, कारण ते लिहिणाऱ्याला त्याचे महत्त्व ठाऊकच नव्हते.

त्याच वहीत एक पान तळाच्या नावांसाठी राखून ठेवावे. एकाच जागेला वेगवेगळ्या दप्तरांत वेगवेगळी नावे असतात आणि एकाच नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती निम्मे कागदही लागत नाहीत. अणुचाचणी क्षेत्राच्या नकाशावर ती ‘एरिया ५१’ होती. यू-२ बांधणाऱ्या लॉकहीड कंपनीचे अभियंते केली जॉन्सन यांनी, कामगारांना यावेसे वाटावे म्हणून, तिला ‘पॅरडाइज रँच’ म्हटले आणि लोकांच्या तोंडी नुसते ‘द रँच’ उरले. सरकारी निवेदनांत ‘वॉटरटाउन’ येते, वैमानिकांच्या बोलण्यात ‘ड्रीमलँड’ येते. अभिलेखागाराच्या शोधखान्यात ही सगळी नावे एकेक करून टाकावीत, आणि त्यांबरोबर प्रकल्पांची सांकेतिक नावेही : यू-२ साठी ‘ॲक्वाटोन’, त्यानंतरच्या ए-१२ या हेरविमानासाठी ‘ऑक्सकार्ट’, पहिल्या रडारचकव्या नमुन्यासाठी ‘हॅव ब्लू’.

झाकलेला आणि उघडा कागद शेजारी ठेवून वाचणे

ग्रूम लेकचा मुख्य लिखित आधार म्हणजे सीआयएच्या इतिहास विभागातील ग्रेगरी पेडलो आणि डोनाल्ड वेल्झेनबाख यांनी १९९२ मध्ये संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी लिहिलेला यू-२ आणि ऑक्सकार्ट प्रकल्पांचा इतिहास. त्याचा काही भाग १९९८ मध्ये, बरीच झाकपाक करून, बाहेर आला. नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह या खासगी संशोधन संस्थेचे जेफ्री रिचेलसन यांनी २००५ मध्ये माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली पुन्हा मागणी केली आणि २०१३ मध्ये तोच दस्तऐवज पुष्कळ मोकळा होऊन मिळाला. या दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचाव्यात. आधी काय झाकले होते आणि नंतर काय उघडले, यावरून सरकारला नेमकी कशाची चिंता होती ते समजते. येथे विमानाच्या कामगिरीपेक्षा जागांची नावे आणि परदेशांचे सहकार्य यांवर झाकण अधिक काळ राहिले होते.

त्यातला एक प्रसंग मी मुद्दाम जवळून दाखवतो, कारण पद्धतीचा मोठा धडा त्यात आहे. १२ एप्रिल १९५५ रोजी यू-२ प्रकल्पाचे सीआयएमधील प्रमुख रिचर्ड बिसेल, हवाई दलाचे कर्नल ऑस्मंड रिटलँड आणि केली जॉन्सन हे एका छोट्या बीचक्राफ्ट विमानातून जागा शोधत नेवाडावरून चालले होते. विमान चाचणी वैमानिक टोनी लव्हिए चालवत होते. खाली पांढऱ्या सरोवराच्या काठी त्यांना युद्धकाळातली जुनी धावपट्टी दिसली. वरून ती चांगली पक्की, डांबरी वाटत होती. तिच्यावर उतरावे की नाही यावर थोडी चर्चा झाली आणि लव्हिए यांनी विमान पट्टीऐवजी सरोवराच्या कोरड्या तळावर उतरवले. चौघे चालत पट्टीपाशी गेले, तेव्हा पाय घोट्यापर्यंत धुळीत रुतले. ठोकून बसवलेल्या मातीचा दहा-बारा वर्षांत भुगा झाला होता. त्या पट्टीवर चाके टेकली असती तर विमान नाकावर उलटले असते आणि यू-२ प्रकल्पाची मुख्य माणसे एकाच वेळी मेली किंवा जायबंदी झाली असती, असे या इतिहासाचे लेखक नोंदवतात. वरून घेतलेल्या छायाचित्रातली पट्टी पाहून ‘धावपट्टी वापरात होती’ असे लिहिण्याचा मोह होईल, तेव्हा ही घोटाभर धूळ आठवावी.

याच दस्तऐवजात भारतीय वाचकासाठी एक वेगळे दालन उघडते. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात भारताने यू-२ विमानांना सीमाभागावरून उड्डाणास संमती दिली, जून १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्यात ओडिशातील चारबाटिया तळाच्या वापराबद्दल सहमती झाली, मे १९६४ मध्ये तेथून पहिली मोहीम झाली आणि जुलै १९६७ मध्ये हा तळ यू-२ साठी बंद झाला. म्हणजे नेवाडाच्या खाऱ्या सरोवरावर पहिल्यांदा उडालेले विमान दहा वर्षांच्या आत कटकजवळच्या धावपट्टीवर उभे होते. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ पासून १९६६ पर्यंत संरक्षणमंत्री होते. त्या कालखंडावर मराठीत लिहिणाऱ्यांनी हा अमेरिकी दस्तऐवज आपल्याकडच्या कागदांशी ताडून पाहायला हवा, असे मला मनापासून वाटते.

शेजाऱ्यांची दप्तरे

सोंग म्हणून दिलेले निवेदनही पुरावाच असते. फक्त त्यातले कोणते शब्द खरे असावेच लागतात, हे ओळखता आले पाहिजे. मे १९५६ मध्ये अमेरिकेच्या वैमानिकी सल्लागार समितीने, म्हणजे पुढच्या काळातल्या नासाच्या पूर्वसंस्थेने, जाहीर केले की यू-२ नावाचे नवे विमान उंचावरच्या हवामानाच्या अभ्यासासाठी वापरले जात आहे आणि ही उड्डाणे नेवाडातील वॉटरटाउन येथून होत आहेत. उद्देश बनावट होता. विमानाचे नाव आणि ठिकाण मात्र त्यात होते. कारण उघड आहे : विमान कोणाच्या तरी नजरेस पडणार, म्हणून ‘ते काय होते’ याचे उत्तर तयार ठेवणे भाग होते. अशी निवेदने वाचताना दर वाक्यापुढे दोनच प्रश्न लिहावेत : हे तपासता येण्याजोगे होते काय? आणि तपासले गेले असते तर खोटे टिकले असते काय?

अपघात हा दुसरा मोठा स्रोत आहे, कारण मृत्यू लपवता येत नाही. १७ नोव्हेंबर १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील बरबँकहून ग्रूम लेककडे कामाची माणसे घेऊन निघालेले हवाई दलाचे सी-५४ विमान वादळी हवामानात लास व्हेगासजवळच्या माउंट चार्ल्सटन या डोंगरावर आदळले आणि विमानातले १४ जण ठार झाले. वर्तमानपत्रांत अपघात छापून आला, ती माणसे कशासाठी चालली होती ते मात्र आले नाही, आणि त्यांच्या घरच्यांनाही ते अनेक वर्षे कळले नाही. आज त्या डोंगराच्या पायथ्याशी स्मारक आहे. या नोंदीवर काम करताना मरण पावलेल्यांना केवळ पुराव्याचे तुकडे समजू नये. ती कुटुंबे आजही आहेत आणि लिहिताना भाषा त्यांच्या वाचण्यात येईल हे धरूनच ती सांभाळावी. दुसरे उदाहरण २४ मे १९६३ चे : ए-१२ विमान युटा राज्यात वेंडोव्हरजवळ कोसळले, वैमानिक केन कॉलिन्स हवाई छत्रीने सुखरूप उतरले आणि बातमीदारांना ते एफ-१०५ हे हवाई दलाचे लढाऊ विमान होते असे सांगण्यात आले. जुन्या अंकांत ‘एफ-१०५ चा अपघात’ वाचून तो सोडून देणाऱ्याच्या हातून नेमका हाच दुवा निसटतो.

रस्ते आणि इंधन यांचे हिशेब दिसायला रूक्ष, पण अतिशय बोलके असतात. ए-१२ साठी सप्टेंबर १९६० मध्ये ८,५०० फूट लांबीच्या धावपट्टीचे काम सुरू झाले आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत संपले. विमानाला महिन्याला ५ लाख गॅलन विशेष इंधन लागेल असा अंदाज होता, आणि ते नेणाऱ्या टँकरांचा भार जुना रस्ता पेलणार नाही म्हणून सुमारे १८ मैल रस्त्यावर नवा थर टाकण्यात आला. नौदलाने टाकून दिलेली तीन हँगर आणि शंभराहून अधिक घरे तेथे आणून पुन्हा उभी केली गेली. पहिले ए-१२ विमान तर रस्त्यानेच आले : पंख काढून, प्रचंड खोक्यात बंद करून, २६ फेब्रुवारी १९६२ च्या पहाटे बरबँकहून निघालेला ताफा २८ तारखेला दुपारी पोहोचला. त्यासाठी वाटेतल्या पाट्या काढाव्या लागल्या, झाडे छाटावी लागली, रस्त्याच्या कडा सपाट कराव्या लागल्या. एखाद्या निर्जन रस्त्याची अकारण दुरुस्ती झालेली दिसली, की तो कुठे जातो ते नकाशावर बोट ठेवून पाहावे.

न्यायालयाचे दप्तरही विसरू नये. तळावर घातक कचरा उघड्या खड्ड्यांत जाळला गेल्याने आपण आजारी पडलो, अशी तक्रार घेऊन काही कामगार आणि दोन मृत कामगारांच्या पत्नी १९९४ मध्ये न्यायालयात गेल्या. त्यांना हवी ती माहिती मिळाली नाही. २९ सप्टेंबर १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पर्यावरण कायद्यातून या तळाला सूट देणारा आदेश काढला. परंतु सूट कोणाला, हे लिहावेच लागते, म्हणून त्या आदेशात ‘नेवाडातील ग्रूम लेकजवळचे हवाई दलाचे कार्यस्थळ’ असा उल्लेख आला. जे अस्तित्वात असल्याचे इतकी वर्षे कोणी मान्य करत नव्हते, ते माहिती रोखणाऱ्या आदेशातच मान्य झाले. कामगारांना मात्र आपल्या आजाराचे कारण न्यायालयात सिद्ध करता आले नाही, आणि तळाच्या इतिहासात या प्रकरणाला विमानांइतकीच जागा मिळाली पाहिजे.

छायाचित्रे कुठे पाहावीत

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर जुनी हवाई छायाचित्रे मिळतात. ग्रूम लेकचे ऑगस्ट १९६८ मधले एक छायाचित्र त्यांत आहे. कोरोना या हेरउपग्रहांची १९६० ते १९७२ या काळातील ८,६०,००० हून अधिक छायाचित्रे १९९५ च्या आदेशाने खुली झाली आणि जगातल्या इतर वाळवंटी तळांसाठी ती अमूल्य आहेत. एकाच जागेची निदान तीन वेगवेगळ्या वर्षांची छायाचित्रे घ्यावीत, धावपट्टीची ज्ञात लांबी मोजपट्टी म्हणून वापरावी आणि इमारतींची रुंदी त्यावरून काढावी. सावली लांब असलेले, सकाळ-संध्याकाळचे छायाचित्र मिळाले तर इमारतींची उंचीही अंदाजता येते.

एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. स्कायलॅब अंतराळस्थानकावरच्या तिसऱ्या आणि शेवटच्या चमूने ग्रूम लेकचे छायाचित्र काढले, ते काढू नये अशी स्पष्ट सूचना असतानाही. ते प्रसिद्ध करावे की दडवावे यावर सरकारी खात्यांत मतभेद झाले आणि त्याविषयीचे १९ एप्रिल १९७४ चे टिपण सीआयएचे प्रमुख विल्यम कोल्बी यांच्यापुढे गेले. ते छायाचित्र पुढे सार्वजनिक संग्रहातच सापडले. तिकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते, इतकेच.

उडत्या तबकड्यांच्या कथांचे काय करावे? त्या पुरावा म्हणून घेऊ नयेत, पण फेकूनही देऊ नयेत. १९५० च्या दशकाच्या मध्यात प्रवासी विमाने १०,००० ते २०,००० फुटांवरून जात, आणि यू-२ साठ हजार फुटांच्या वर. सूर्य मावळून खाली अंधार झाला तरी इतक्या उंचीवर त्याच्या रुपेरी पंखांवर ऊन असे, आणि खालच्या वैमानिकाला आकाशात जळता ठिपका दिसे. अशा तक्रारी यू-२ च्या उड्डाणनोंदींशी गुपचूप ताडून पाहिल्या जात, पण तक्रारदाराला खरे कारण सांगता येत नसे. तेव्हा एखाद्या तक्रारीची तारीख, वेळ आणि दिशा एवढेच वहीत घ्यावे.

अर्ज, मर्यादा आणि पूर्णविराम

सीआयएचे खुले केलेले कागद जानेवारी २०१७ पासून इंटरनेटवर शोधता येतात; त्याआधी त्यासाठी मेरीलँडमधील राष्ट्रीय अभिलेखागारातल्या संगणकांपाशी जाऊन बसावे लागे. जे तेथे नाही त्यासाठी माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली अर्ज करता येतो, आणि त्याला अमेरिकी नागरिकत्वाची अट नाही. पुण्या-नागपुरातला अभ्यासकही तो पाठवू शकतो. ‘एरिया ५१ ची सर्व माहिती’ असे मागितल्यास काहीही मिळत नाही. विशिष्ट तारीख, विशिष्ट दस्तऐवज, विशिष्ट प्रकल्प यांची नावे घालावीत, आणि आधी खुल्या झालेल्या कागदात ज्या दुसऱ्या टिपणाचा उल्लेख आहे तेच मागावे. उत्तराला वर्षे लागू शकतात, म्हणून पुस्तक लिहायच्या खूप आधी अर्ज करावा.

आपल्याकडच्या वाळवंटी तळांवर, म्हणजे जैसलमेर, उत्तरलाई किंवा भूज यांच्यावर, काम करायचे असेल तर पद्धत हीच, दप्तरे वेगळी : भूसंपादनाची राजपत्रे, जिल्हा गॅझेटियर, संसदेतील प्रश्नोत्तरे, महालेखापरीक्षकांचे संरक्षणविषयक अहवाल, शौर्यपदकांची मानपत्रे. भूजच्या बाबतीत सर्वांत जिवंत दप्तर माधापर गावात आहे. १९७१ च्या युद्धात बॉम्बफेकीने उखडलेली धावपट्टी तिथल्या सुमारे ३०० स्त्रियांनी ७२ तासांत दुरुस्त केली. त्या वेळी तळाचे प्रमुख होते स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक. त्या स्त्रिया आता फार वृद्ध आहेत, बऱ्याच जणी गेल्याही. ज्याला हे काम करायचे असेल त्याने अभिलेखागाराच्या परवानगीची वाट न पाहता आधी तिथे जावे, संमती घेऊन ध्वनिमुद्रण करावे आणि त्यांच्याच भाषेत उतरवावे. मात्र चालू तळाचे छायाचित्र काढणे किंवा कुंपणाजवळ फिरणे कटाक्षाने टाळावे. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे. ग्रूम लेकच्या हद्दीवरही पहारा असतो, आणि १९९५ मध्ये जवळच्या दोन टेकड्या बंद झाल्यापासून तळ दिसेल असे मोकळे ठिकाण म्हणजे सुमारे ४२ किलोमीटरवरचे टिकाबू शिखर, तेही दुर्बिणीने.

शेवटचा निर्णय इतिहास कुठे थांबवायचा याचा असतो. ग्रूम लेकच्या बाबतीत १९५५ ते १९६८ हा काळ कागदांनी भरलेला आहे, १९७० आणि १९८० च्या दशकांतले काही प्रकल्प स्पष्ट दिसतात, आणि त्यापुढे नोंदी झपाट्याने विरळ होतात. जिथे दुसरी तारीख लिहिता येत नाही, तिथे ओळ घालू नये. त्या वर्षांसाठी वहीत कोरी पाने क्रमाने सोडावीत, त्यांवर फक्त वर्ष लिहून ठेवावे आणि दर वर्षी नव्याने खुल्या झालेल्या कागदांची यादी आली की त्या पानांपासून वाचायला सुरुवात करावी.